चार किलोमीटर

मीटरवर चार किलोमीटर आहेत.
तेही माझे नाहीत,
कोयाइकेच्या दुकानातल्या पोराने
ट्रकवर चढवेपर्यंत फिरवली तेवढेच.
ऑगस्ट आहे. तळ्यावरचा वारा शेडचा पत्रा वाजवतो,
थांबतो, काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा वाजवतो.
ऑक्टोबरपर्यंत ही इथेच, सरपणाच्या ढिगाशेजारी,
आणि मी तिला नटवत बसलेय.
'मुलगी झाली नाही त्याची हौस,' म्हणतो एलेउतेरियो
आणि शेगडीत आणखी एक ओंडका सारतो.

सव्वीस वर्षं मी धक्क्यावरच्या खिडकीत बसले.
फेरीबोटीची तिकिटं. ट्रक, मेंढ्या, माणसं, मोटरसायकल.
दरांचा तो बोर्ड अजून माझ्याच अक्षरात आहे,
आकडे तेवढे खोडून बदलतात.
हजारो गेल्या समोरून.
चेहरे नाही लक्षात राहिले, मोडलेलं राहिलं:
निम्मा क्लच लिव्हर, दोरीने आवळलेली पेटी,
आणि इंजिनाचा तळ फुटून सगळं तेल गेलेला एक डच,
इतका उंच, की वाकून रडला.

म्हणून सगळ्यात आधी इंजिनाखाली जाड पत्रा.
मग दोन्ही कुशींना नळ्यांचे गार्ड.
हँडलला ढाली, कारण इथला वारा
बोटं मोजून घेतो.
गरम मुठींची वायर मी स्वतः ओढली,
टाकी उचलून, फ्यूज मध्ये घालून.
लाल-काळ्यात एकदा चुकले, हॉर्न वाजत सुटला,
शेजारचा कुत्रा अजून माझ्याकडे बघत नाही.

ॲल्युमिनियमच्या पेट्या घेतल्या नाहीत. कापडी पिशव्या.
पाय खाली आला तर हाड वाचतं,
हे एका ब्राझीलच्या नर्सने सांगितलेलं,
रांगेत, प्लास्टरमधल्या पायावर उभं राहून.
उजवीकडे ट्यूब, पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, तार.
डावीकडे तंबू, लोकरीचे मोजे, येर्बाचा पुडा,
तो प्यायची भोपळ्याची वाटी, आईची किटली.
'अर्धं काढ,' म्हणतो एलेउतेरियो.
काढते.
तो घरी गेला की परत भरते.

परवा रात्री सगळं चढवून बसून बघितलं.
पाय टेकले, म्हणजे अंगठे टेकले.
काहीच केलं नाही मी,
फक्त शेगडी विझली का म्हणून मान वळवली,
आणि ती कलली, सावकाश,
गाभण गाय बसते तशी खाली बसली. तिच्याबरोबर मी.
पडल्या पडल्या पहिला विचार: गार्डने काम केलं.
दुसरा: अजून चारच किलोमीटर.
बोल्टचं डोकं घासलं होतं,
लादीवर वीतभर पांढरी रेघ.
पाठ लावून, गुडघ्यांत जोर आणून उचलून बघितली.
नाही आली.
पिशव्या उतरवल्या. आली.

एलेउतेरियोला सांगितलं नाही.
सकाळी त्याने रेघ पाहिली,
तिच्यावर पाय न देता पलीकडे गेला,
डावी पिशवी उघडली
आणि किटली काखेत मारून घरी घेऊन गेला.

फोन लावायचा स्टँड तेवढा राहिलाय.
पलीकडच्या किनाऱ्याला मी दातांसाठी दोनदा
आणि एका मयताला गेलेय.
त्यापुढचा रस्ता लोकांच्या तोंडून पाठ आहे:
कुठे खडी गोट्यांसारखी पळते, कुठे गुरं आडवी बसतात,
कुठल्या वळणावर वारा बाजूने येऊन खांदा धरतो.
सगळं खोटं निघालं तर निघू दे.
स्टँड खोक्यातच राहील.

टाकीवरच्या खिशात सुटे पैसे मोजून ठेवलेत,
एक माणूस, एक मोटरसायकल.
खिडकीत आता यास्ना असते. ती विचारेल,
'एकेरी की परतीचं?'
विचारल्याशिवाय तिकीट फाडायचं नाही,
हे मीच शिकवलंय तिला.

परतीचे अजून धरले नाहीत.
साखळीला तेल घालायचंय.