जाळरेषा, कक्ष दोनशे बारा

संक्रांत झाली की आम्ही गवताच्या मागं लागतो.
सहा मीटर रुंद, अकरा किलोमीटर लांब,
किनवटच्या सागातून आदिलाबादच्या हद्दीच्या दगडापर्यंत
भांग पाडावा तशी एक रेघ.
विळे, दाताळी, आणि खांद्यावर सरकारी ब्लोअर,
जो चौथ्या झटक्याला सुरू होतो,
शिवी घातली तर तिसऱ्याला.

रोशा आधी कापायचा. त्याच्यात तेल असतं.
हाताचा वास भाकरीला लागतो, रात्री उशीला.
ठिणगी पडली तर तो धूरही करत नाही,
उभ्यानंच जातो.
मग सागाची पानं, सुपाएवढी, कडक,
त्यांच्यावरून ससा गेला तरी
माणूस आला वाटतं.

सगळं ओढून मधोमध आणायचं
आणि पहाटे, दव आहे तोवर, आपणच पेटवायचं.
लिंगू आत्राम वारा बघतो.
चिमूटभर राख हातातून सोडतो,
ती खाली पडेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नाही.
मग म्हणतो, "लाव." किंवा, "थांब."
"थांब" जास्त वेळा म्हणतो.

भावासाठी स्थळ बघायला गेलो होतो हिमायतनगरला.
तुम्ही काय करता, विचारलं मुलीच्या बापानं.
जंगल जाळतो, म्हणालो, जळू नये म्हणून.
तो बराच वेळ बशीतल्या चहाकडं बघत राहिला.
सोयरीक झाली नाही.

एकदा गुट्टे गार्डच्या मोबाइलवर आकाशातून ठिपका आला:
आग, कक्ष दोनशे बारा.
धावलो चार किलोमीटर, हिरव्या फांद्या तोडून घेतल्या हातात,
पोचलो तर आमचीच रेघ, आम्हीच लावलेली,
शेवटच्या ढिगाशी बसून लिंगू कांदा भाजतोय.
"उपग्रहाला बी वास गेला का रे?" म्हणाला.

पण त्या वर्षीची आग खरी होती.
मार्च संपता संपता, भर दुपारी, एकोणीस हेक्टर.
रात्रभर झोडपलं. लिंगूच्या भुवया गेल्या.
सकाळी पंचनाम्याला फिरताना
मोहाच्या एका झाडाखाली थांबलो.
काळ्या राखेवर पहाटे पडलेली फुलं,
एकेक वेगळं दिसणारं.
आणि निम्मी कुणीतरी आधीच वेचून नेलेली.

मोतूबाई टेकामचं झाड ते. तिची सात झाडं.
"पाचोळ्यात दिसंना झालेत लेका," म्हणाली होती ती
होळीच्या आधी, डोळ्यांवर हात धरून,
"हाताला लागते ते पान हाय का फूल, कळंना."
मी हूं म्हणालो होतो. फक्त हूं.

गुट्टेनं लिहिलं, कारण: अज्ञात.
साक्षीदार म्हणून सही मी केली.
सही नीट आली नाही, हाताला फोड होते.

तेव्हापासून मोहाच्या दिवसांत
पहाटे चारला ब्लोअर घेऊन मी एकटा निघतो.
सात झाडं. प्रत्येकीभोवती झाडून काढतो
खळं सारवावं तसं, लाल माती दिसेपर्यंत.
ती पाटी घेऊन येते तेव्हा मी गेलेला असतो.
कधी बोललो नाही आम्ही यावर.
एकदा फक्त माझ्या दारात वाळल्या फुलांचं गाठोडं होतं
आणि शेजारी अर्धी काडेपेटी.

पेट्रोल सरकारचं, हिशोब द्यावा लागतो.
रजिस्टरात लिहितो: जाळरेषा, दोनशे मीटर.

यंदा गुट्टे टेप घेऊन आला.
हद्दीच्या दगडापासून मोजत मोजत,
दोनदा घाम पुसत, एकदा काटा काढत.
कागदावर रेघ जास्त निघते, म्हणाला, जमिनीवर कमी.
मी ब्लोअरचा प्लग पुसत राहिलो.
तो पहिल्या मोहापर्यंत चालत गेला,
झाडलेल्या गोलाच्या कडेला बूट थांबवले.
वाकून एक फूल उचललं, फुंकलं, तोंडात टाकलं.

"वळण असंल," म्हणाला, "इथं कुठंतरी,"
आणि टेप गुंडाळायला लागला.