तर

नऊ वर्षं मी पाणी केलं.
फक्त पाणी. झाडं तार्मोकडे होती,
आभाळ दोघांत वाटलेलं,
माणसं वरच्या मजल्यावर.
कुणी विचारलं काय करतोस, तर सांगायचो:
नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनला,
काठाशी बर्फ धरायच्या आधी
सरोवर जसं जड होतं ना, ते.

काजानीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत आमचं ऑफिस.
खेळाचं नाव व्हास्तारांता. समोरचा किनारा.
एक मुलगी, एक तर, एक म्हातारा तरवाला.
तिला पलीकडे जायचंय. एवढीच गोष्ट.

तरवाल्याला आवाज हवा होता.
हेलसिंकीहून नट आले, सगळ्यांचे आवाज इस्त्री केलेले.
मग वेइक्को सापडला:
एकतीस वर्षं खरी तर चालवलेला,
पूल झाल्यावर घरी बसलेला.
त्याच्याच सॉनाबाहेरच्या खोलीत रजया टांगून
एका दुपारी त्रेचाळीस वाक्यं घेतली.
चव्वेचाळिसावं कागदावर नव्हतं.
माइक चालूच होता, तो खिडकीकडे बघत म्हणाला,
"घाई नको. किनारा कुठे पळून जात नाही."
ते आम्ही ठेवलं.

मग तारखा.
आधी वसंतात म्हणालो, मग शरदात,
मग नुसतं साल,
मग "लवकरच",
मग तेही खोडलं.
वेइक्को दर जूनमध्ये फोन करायचा.
मासे, गुडघा, डास,
आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं: "तर?"
मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.
तो म्हणायचा, हं.
ते हं रेकॉर्ड करायचं राहिलं.

बंद पडलं असं कुणी म्हणालंच नाही.
एका गुरुवारी दुकानाच्या यादीतून आमचं पान गेलं
आणि आजूबाजूचे खेळ सरकून बसले,
बाकावरून कुणी उठलं की बसतात तसे.
दारातलं पोस्टर उतरलं. मागे फिकट चौकोन राहिला,
तो नव्या भाडेकरूने रंगवला. आता तिथे दातांचा दवाखाना आहे.
तार्मोची झाडं विकली गेली.
शेतीच्या कुठल्याशा खेळात
कुंपणाशी उभी असतात, मी ओळखली.
पाणी कुणी घेतलं नाही.

जन्मलाच नाही, म्हणून सोयर नाही.
मेला असं कुणी सांगितलं नाही,
म्हणून सुतक नाही.
सोमवारी मी दुसरीकडे कामाला लागलो,
तिथे पाणी आयतं मिळतं.

वेइक्को फेब्रुवारीत गेला.
हेल्वीने कॉफी केली, वेलचीचा पाव कापला.
मी जुना लॅपटॉप नेला होता,
जो माझ्याकडे असायलाच नको, असं करारात लिहिलंय.
पंखा घरघरला. मुलगी धक्क्यावर उभी राहिली.
तर आली.
तो बोलला.
हेल्वीने चष्मा काढला, पुसला,
घातलाच नाही.
"परत लाव."
परत लावलं.

मग तर निघाली, आणि मी आधी सांगायला हवं होतं
की पलीकडे काही नाही.
किनारा ज्याच्याकडे होता
तो तिसऱ्याच वर्षी सोडून गेला, त्याची जागा भरली नाही.
पाणी संपतं तिथून नुसता राखाडी रंग.
तर मध्येच थांबते. मुलगी चालत राहते
जागच्या जागी, पाय झिजेपर्यंत,
पण पाय झिजवायचं कामही कुणी केलं नव्हतं.

हेल्वी बराच वेळ बघत होती.
"धुकं असलं की असाच थांबायचा तो.
इंजिन बंद करून. उतारू शिव्या घालायचे,
एकदा एक नवरदेव होता, तो रडलाच."
आणि हसली, तोंडात पाव असताना.

मी काही दुरुस्त केलं नाही.
पडद्यावर माझं पाणी तरीला
खालून हळूहळू उचलत होतं, ठेवत होतं.
"हे बरं जमलंय," ती पाण्याकडे बोट करून म्हणाली.
"कुणी केलं?"

बॅटरी चार टक्के होती.
चार्जर बाहेर गाडीत.
मी उठलो नाही.