बिंगीचा तवा

अशोक चौकातून आत वळलं की तिसरा बोळ.
पूर्वी तिथं रात्रभर मागांची खटखट असायची,
आता एक तवा आहे,
दोन हात लांब, बोटभर जाड.
बिंगी म्हणतो, भंगारातल्या मागाचीच पाटी ही,
घासून घासून तिला भूक शिकवली.

मी जकार्डची कार्डं मारणारा.
तीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडली.
भोक असेल तिथं धागा उचलला जातो,
नसेल तिथं खाली राहतो,
एवढ्यावर चादरीत मोर उभा राहायचा.
आता रिकामा असतो, म्हणून इथं येऊन बसतो
नि बिंगीचे हात बघतो.

अकरा वर्षं ओसाकाकडं होता, टॉवेलच्या कारखान्यात.
येताना ओकोनोमियाकी घेऊन आला.
नाव ऐकून सादुलमास्तरनं विचारलं,
"पाहुणी किती दिवस राहणार?"

कोबी बारीक चिरायचा, पीठ, अंडं,
सगळं एकत्र कालवून तव्यावर थापायचं.
ही ओसाकाची.
"म्हणजे थालीपीठच की," मी म्हणालो.
तो काही बोलला नाही. दुसरी सुरू केली.
आधी पातळ पापुद्रा, त्यावर कोबीचा ढीग,
त्यावर शेवया, मग अंडं,
आणि श्वास रोखून एका झटक्यात उलटी.
ही हिरोशिमाची. थरावर थर.
दोन्ही गावं एकमेकांच्या हातचं खातात म्हणे,
पण नावं ठेवत.
मला बरं वाटलं ऐकून.
कडक भाकरी की मऊ, यावरून
अडलेली एक सोयरीक मी स्वतः पाहिली आहे.

तिथं वरून सुक्या मासळीचा कीस टाकतात,
तो वाफेवर नाचतो.
बिंगी शेंगाचटणी भुरभुरतो.
ती नाचत नाही, खाणारा नाचतो.

शनिवारी तो बरणी उघडतो.
"ही किमबाईची किमची."
कोण किमबाई? बुधवार पेठेतली?
"ओसाकात माझ्या खालच्या मजल्यावर राहायची.
दारावरच्या पाटीवर कानेदा,
आत ओट्यापाशी किम."
तिची आई कोरियाहून बोटीनं आलेली.
लसणीच्या वासानं शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.
आता त्यांचीच नातवंडं
रामेनवर किमची नसेल तर वाडगा परत पाठवतात.
हे सांगताना बिंगी मध्येच थांबला,
पोराला तेलुगूत काहीतरी ओरडला,
गिऱ्हाइकाला मराठीत सुटे दिले,
कोबीवाल्याशी कानडीत हुज्जत घातली,
नि म्हणाला, "कुठं होतो मी?"

त्याची आई नरसूबाई. आवकाय घालण्यात हयात गेलेली.
बरणीत बोट बुडवून तिनं चाखलं,
"उप्पु तक्कुव." मीठ कमी.
"आणि तीन दिवस झाकण काढू नको."
बिंगी हसला. किमबाई हेच सांगायची,
फक्त जपानीत, आणि पाठीत धपाटा घालून.

मे महिना. त्रेचाळीस अंश. तवा बंद.
बिंगी थंड शेवया काढतो,
मोरिओका नावाच्या गावाकडच्या,
तिथं त्या कोरियाहून कुणीतरी नेलेल्या.
गार रस्सा, किमची, अर्धं अंडं,
आणि कडेला कलिंगडाची फोड.
तिखटात कलिंगड!
सादुलमास्तर उठलेच.
"जपानी का कोरियन, एकदा ठरव बाबा."
बिंगीनं त्यांच्यापुढं वाडगा सरकवला.
"शेंगाचटणी आपली का विजापूरची, मास्तर?"
"आपली!"
कोपऱ्यातल्या इंडीच्या ट्रकवाल्यानं मान वर केली,
मास्तरांकडं बघितलं,
नि पुन्हा वाडग्यात घातली.
मास्तर बसले.

मी आधी फोड खाल्ली. मग रस्सा.
मग कळलं की क्रम चुकला,
तर दुसरा वाडगा मागवला.

रात्री घरी जुना पंच शोधून काढला,
पुठ्ठ्यावर कलिंगडाची फोड काढायला बसलो.
हिरवा काठ जमला.
लाल काही केल्या भरेना.
बिया मात्र
भोकांच्याच होत्या, आपोआप पडल्या.