न धुतलेली काठवट

व्हेंटा नदीच्या काठी, शहर जिथे आपलं सगळं
सोडून देतं आणि पुन्हा त्याचं नाव काढत नाही,
तिथे आउस्मा काचेच्या बश्यांतले ठिपके मोजते.
एकोणीस वर्षं झाली.

गाळ शिजतो पंचावन्न अंशांवर,
बंद टाकीत, दिवसचे दिवस,
स्वतःच्याच वायूवर डुचमळत.
बाहेर लाटव्हियाचा फेब्रुवारी.
टाकीच्या माथ्यावर मात्र बर्फ ठरत नाही,
कावळे पाय शेकत बसलेले असतात.

टाकीतल्या नमुन्यात: शून्य.
तिने तसं लिहिलं, खाली सही केली.
मग गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरला, पिळला गेला,
काळ्या मऊ ढेकळांचा ढीग होऊन पडला.
एक रात्र गेल्यावर त्या ढिगातलं चिमूटभर
तिने उचललं. का, कोण जाणे.
तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बशीभर निळे ठिपके,
कांजिण्या उठाव्यात तसे.

‘हात नीट धुतले नसतील,’ गुंटिस म्हणाला.
साहेब. तसा सभ्य माणूस.
ट्रक दाराशी उभा, माल बीटाच्या शेतावर जायचा.
तिने हात धुतले. पुन्हा पेरलं.
निळं.
तिसऱ्यांदा नवी बशी, नवी सुई, श्वाससुद्धा रोखून.
निळंच.

घरी भिंतीला टेकून काठवट उभी असते,
राईच्या पावाची. ती धुवायची नसते,
सासूने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.
फटीफटींत वाळलेलं पीठ,
नखाने खरवडलं तर नुसती धूळ.
कोमट पाणी ओता, वर घोंगडी घाला,
पहाटे काठवट उसासे टाकू लागते.

तर टाकीतही सगळे मेले नव्हते.
मेल्याचं सोंगही नव्हतं ते.
आपण वाढलेलं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, इतकंच,
आणि ताटावर कुणी बसलं नाही म्हणून
आपण घर रिकामं समजलो.

जुनी सही तिने खोडली नाही.
शेजारी पट्टीने एक रकाना आखला,
वर लिहिलं: पिळल्यानंतर, एक दिवसाने.

मग बाहेर जाऊन ट्रकच्या काचेवर टकटक केलं.
‘इंजिन बंद कर, इमांत. माल अजून कच्चा आहे.
आणि तो पाव ठेव खाली,
आधी हात धू.’