अकरा टाके

हॅरोगेटला, पार्लमेंट स्ट्रीटच्या उतारावर
जुन्या महागड्या पर्सांचं आमचं दुकान.
पुढे आरसे, गालिचा, हलका पियानो, आणि फिलिपा.
मागे मी, एक दिवा, एक भिंग.

सुरुवात नाकानं.
डोळ्यांना फसवायला लोक पुष्कळ पैसे ओततात,
नाकासाठी अजून कुणी फारसा खर्च करत नाही.
अस्सल पर्स उघडल्यावर जरा वेळ घेते :
पावडर, पुदिन्याची गोळी, हॉस्पिटलची वेटिंग रूम,
आणि या सगळ्याच्या खाली, खोल, जनावर.
नकली लगेच बोलायला लागते. गोंद, गोंद, गोंद.

मग चेन. अस्सल चेन अडत नाही, पण घाईही करत नाही.
मग नावाचा शिक्का, नखानं :
कातड्यात उतरलाय,
की वरवर टेकलाय, उठायच्या बेतात असलेल्या पाहुण्यासारखा?
सोबत प्रमाणपत्र असेल, सोनेरी कडेचं,
तर मी आणखी सावध होते.
एवढे चोख कागद बाळगतो त्याला
कुठंतरी आधी अडवलेलं असतं.
हे मला पर्सांनी नाही, हीथ्रोनं शिकवलं.

आबांनी मुद्दाम काहीच शिकवलं नाही.
ते सुभाषनगरात चपला शिवायचे,
गुडघ्यात कातडं, दातांत दोरा.
वर्गात माझ्या बाकावर तिसरी पोरगी बसायची नाही.
मी दप्तराला आईचं अत्तर चोळायची,
मग दोन्ही वास यायचे.
त्याच वासाचे आता
तासाला साडेतेरा पौंड.

गुरुवारी मिसेस ऑल्डरसन आल्या,
पर्स टी-टॉवेलात गुंडाळून, गरम पावासारखी.
नवऱ्यानं दिलेली, ब्याण्णव साली, लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला.
त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
आता बॉयलर बसलाय.
फिलिपानं भुवई उडवून पर्स माझ्याकडे सरकवली.

गोंद होता. तीस वर्षांनी सुद्धा, अस्तरामागं दडून.
शिक्क्यातलं एक अक्षर शेजाऱ्याला खेटलेलं.
बकलवरचं सोनं कडेनं उडून खाली करडं जस्त.
शिवण मशीनची, सरळसोट, कंटाळलेली.
मी बाहेर आले, घसा खाकरला,
बाईंनीच हात वर केला.
"ते मला ठाऊक आहे गं पोरी.
ब्याण्णवला त्याची गिरणी बंद झाली होती.
मला एवढंच हवंय :
त्याला ठाऊक होतं का?"

भिंगातून हे दिसत नाही.
तसं मी म्हणणार होते.

पण पर्स परत देताना अंगठा हँडलच्या बुडाशी अडखळला.
तिथं दोरा वेगळा होता. जाड, मेणवलेला, जरा पिवळट.
मी दिव्याकडे परत गेले.
दोन सुयांचं काम : एक अलीकडून, एक पलीकडून, त्याच भोकातून.
यातला एक दोरा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.
आबा असंच शिवायचे.
मोजले. अकरा.
त्यातले पहिले तीन वाकडे.

"हे कुणी केलं?"
"त्यानंच. एकदा बसमध्ये हँडल तुटलं.
दुकानात न्यायला निघाले तर म्हणाला, नको, थांब.
लायब्ररीतून पुस्तक आणलं, घोड्यांच्या खोगिरांचं,
आणि स्वैपाकघरात तीन रविवार घालवले.
मला वाटलं, पैसे वाचवतोय."
त्या थांबल्या.
मीही काही बोलले नाही.
पियानो चालू होता.

फॉर्मवर दोनच चौकोन असतात.
मी दुसऱ्यात खूण केली, सही केली.
समासात पेन्सिलीनं लिहिलं : हँडल, उजवी बाजू, हाताची शिवण, उत्तम.
फिलिपानं विचारलं, हे कशाला?
मी म्हटलं, असू दे.

बाईंनी पर्स पुन्हा टॉवेलात गुंडाळली.
बॉयलरचं कळलं नाही.

छत्तीस नंबरच्या बसनं लीड्सला परतताना
अंगठ्याला अजून मेणाचा वास होता.
शेजारी कुणीतरी येऊन बसलं.
हात मांडीवरच राहू दिला.