पंचविसाची नोंद

ऑर्कनीत, आमच्या बंदरावर, हवा कशी आहे विचारत नाहीत.
दार उघडायचं, डोक्यावर टोपी राहते का बघायचं.

इसा फ्लेट सकाळी सातला खिडकीशी.
काचेवर मीठ साचलेलं. बोटानं एक भोक पुसते,
त्यातून बघते, वहीत लिहिते:
अकरा. पश्चिमेचा वारा. भुरभुर.
जानेवारीत पाच, जुलैत तेरा.
मधल्या आठ अंशांत आमची लग्नं, मयतं, लोकरकापणी.
दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, दमतात.

मागच्या मंगळवारी पारा पंचविसावर गेला.
वारा पडला. पडलाच.
सिगर्डनं स्वेटर काढला
आणि पांढऱ्याफटक दंडांना ओशाळून पुन्हा चढवला.
बोटींचे दोर गप्प.
कुत्रं सावली शोधत फिरलं, रस्त्यावर झाड नाही,
मग टपालगाडीखाली शिरलं.
आइस्क्रीम साडेदहालाच संपलं.

इसानं पेन्सिल उचलली, ठेवली.
न सांगता आलेला पाहुणा, वागायला गोड,
पण आता हा येतच राहणार की काय?
लिहिलं: पंचवीस. चादरी तासाभरात वाळल्या.

रात्री खिडकी उघडी ठेवून बसून राहिली,
पूर्वी मुलगा उशिरा यायचा तशी.
तीनला झडप आपटली.
"पाय पूस," ती म्हणाली.