अख्खी वस्तू

व्होरू गावाबाहेर, बर्चच्या रांगेला लागून आमचं आवार.
चार लोखंडी पिंजरे, एक वजनकाटा
आणि माझी खिडकी. काचेवर नियम चिकटवलेत:
बॅटरी आधी काढा. ट्यूबलाइट फोडू नका.
फोनमधलं आपलं आपण पुसून या.
वस्तू अख्खी असेल तर फुकट,
अपुरी असेल तर पैसे पडतील.

शेवटची ओळ लोक वाचतच नाहीत.

मंगळवारी एंडेल आला, ट्रेलरवर फ्रीज आडवा बांधून.
(आडवा आणू नये, हेही लिहिलंय.)
मी मागे जाऊन वाकून पाहिलं:
कॉम्प्रेसरच्या जागी भोक, कापलेली तांब्याची नळी,
कोळ्याने तिथे केव्हाचा संसार थाटलेला.
म्हटलं, अपुरा आहे. बारा युरो.

"अपुरा? एकोणतीस वर्षं
याच्यात माझं दूध नासलं नाही."
मग हातमोजा काढून पंजा काचेला टेकवला.
तीन बोटं. लाकडाच्या गिरणीने ठेवली तेवढी.
"याचे किती घेशील?"

माणसांचं नियमात काही नाही.
मी विचारलं, यातला गॅस कुठे गेला?
त्याने वर पाहिलं. मीही पाहिलं.
मार्चचं आभाळ, घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं.
त्या गॅससाठीच तर हा सगळा खटाटोप,
हे त्याला नीट सांगायला हवं होतं,
पण मागे टोस्टर कवटाळून उभी असलेली हेल्वी खोकली
आणि तो फ्रीज घेऊन परत गेला.

शुक्रवारी पुन्हा हजर. फ्रीज या खेपेला उभा.
शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, लोकरी शालीत गुंडाळलेला
कॉम्प्रेसर.
"रेइगोने काढला होता, टायरात हवा भरायला.
तो फिनलंडला गेला. हा शेडमध्ये राहिला."

आम्ही दोघांनी तो भोकात बसवून पाहिला.
बसला. अगदी बरोबर बसला.
पण नळी कापलेली ती कापलेलीच,
आणि आभाळातून काही परत आलं नव्हतं.

बारा युरो, मी म्हटलं, जरा हळू.

त्याने सुट्टे मोजले, तीन बोटांनी, वेळ लागला.
हेल्वी या वेळी रांगेत नव्हती.
पावती घडी करून टोपीत ठेवली,
चार पावलं गेला, वळला:
"शाल दे परत.
ती अजून चालते."